हस्तकला प्रदर्शनात मैत्रिणीसोबत एक दिवस: आधी फेरी, मग खरेदी

हिवाळा आला की पुण्यात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत 'उमेद'चं, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं, महालक्ष्मी सरस प्रदर्शन लागतं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत बचत गटांची लहानमोठी प्रदर्शनं सुरू होतात. त्यानंतर महिनाभर माझ्या कानावर दरवर्षी त्याच तक्रारी येतात. चप्पल चावते. पैठणी म्हणून घेतली ती यंत्रमागाची निघाली. बांबूच्या टोपलीतून पिवळं पीठ गळतंय. तांब्याच्या गडूत ताक ठेवलं तर हिरवं पडलं. मी एकच विचारते, "घेतली किती वाजता?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: आत शिरल्या शिरल्या, दुसऱ्या-तिसऱ्या स्टॉलवर.

वस्तू वाईट असते असं नाही. क्रम चुकतो. आधी खरेदी होते, मग बघणं होतं, आणि मापं तर घरीच राहिलेली असतात. म्हणून गेली काही वर्षं मी आणि माझी मैत्रीण ज्या क्रमाने दिवस काढतो, तो इथे टप्प्याटप्प्याने लिहिते आहे.

## टप्पा १: आठवडाभर आधी यादी आणि मापं

यादी कागदावर करा आणि तिचे तीन भाग करा. पहिला, घरात खरंच लागणारं. दुसरा, कोणाला तरी द्यायचं. तिसरा, आवडलं तर घ्यायचं. तिसऱ्या भागाला पैशाची मर्यादा घाला आणि तो आकडा मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा.

मग मापं. इथे सगळ्यात जास्त आळस होतो.

- चपलेसाठी: संध्याकाळी कागदावर उभं राहून दोन्ही पावलांच्या कडेने पेन्सिल फिरवा आणि तो कागद कापून घ्या. दिवसभर चालल्यावर पाऊल थोडं सुजतं, म्हणून सकाळचं माप घेऊ नका. घरातल्या दुसऱ्या कोणासाठी घ्यायची असेल तर हा कागद हवाच. "सात नंबर" म्हणून आणलेली चप्पल परत करायला कोल्हापूरला कोण जाणार?
- चित्रासाठी: भिंतीवरच्या मोकळ्या जागेची लांबी-रुंदी, आणि फ्रेम करायची असेल तर चारी बाजूंना किती जागा सोडायची तेही.
- गोधडी, चादर, घोंगडीसाठी: पलंगाचं माप, आणि दोन्ही बाजूंना किती खाली यायला हवी ते.
- ब्लाऊजच्या खणासाठी किंवा जुळणाऱ्या साडीसाठी: ती साडीच सोबत घ्या, निदान तिच्या फॉलची चिंधी तरी. मोबाइलमधल्या फोटोवरून रंग जुळवू नका. अंजिरी फोटोत जांभळा दिसतो आणि मोरपिशी निळा.

पिशवीत एवढं असू द्या: शिंप्याची टेप, एक छोटं लोहचुंबक (फ्रिजवर लावतात तेही चालतं), पांढरा सुती रुमाल, पाण्याची बाटली, दोन मोठ्या कापडी पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं आणि एक जुनी मऊ ओढणी. ओढणी गुंडाळायला लागते, रुमाल रंग तपासायला. त्याबद्दल पुढे येईलच.

सावधान: गर्दीच्या मैदानात दुपारनंतर मोबाइलचं नेटवर्क अडतं. पैसे जात नाहीत, किंवा गेले की नाही ते कळत नाही. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. गावाकडून आलेल्या कारागिराकडे सकाळी सकाळी सुट्टे नसतात.

## टप्पा २: मैत्रिणीशी कामं वाटून घेणं

दोघी जा. चौघी गेल्या की फेरी रेंगाळते, कोणाला भूक लागते, कोणाचे पाय दुखतात, आणि पारख करायला कोणालाच वेळ मिळत नाही.

आम्ही कामं अशी वाटतो. एकजण बोलते, दुसरी वस्तू हातात घेऊन बघते. बोलणारी कारागिराला विचारते, ऐकते, भाव समजून घेते. बघणारी तेवढ्यात वस्तू उलटी करते, शिवण बघते, टेप लावते. एकटं माणूस दोन्ही करायला गेलं की बोलण्याच्या भरात उलट बाजू बघायची राहून जाते. पुढच्या स्टॉलवर कामं बदलायची.

आधीच ठरवून ठेवायच्या दोन गोष्टी. पहिली, "एक चक्कर मारून येऊ का?" असं मैत्रीण म्हणाली की निमूट बाहेर पडायचं. तिला काहीतरी खटकलंय आणि ते कारागिरासमोर बोलायचं नाहीये, असा त्याचा अर्थ. दुसरी, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं. "मेन गेटपाशी" म्हणू नका, तिथे सगळं गाव उभं असतं. एखाद्या झाडापाशी किंवा पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी, असं नेमकं ठरवा.

## टप्पा ३: दिवस आणि वेळ

शक्य असेल तर कामाच्या वारी, उघडतानाच आत शिरा. शनिवार-रविवारी संध्याकाळी कारागिराला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते, आणि त्याच्या बोलण्यातूनच तर निम्मी पारख होते. दिवसाउजेडी गेलात तर रंग खरे दिसतात. स्टॉलच्या पांढऱ्या दिव्यांखाली लाल आणि राणी यांतला फरक पुसला जातो.

शेवटच्या दिवशी स्वस्त मिळतं म्हणून थांबणाऱ्या पुष्कळ जणी असतात. हातकामाच्या वस्तूंबाबत हा हिशेब चुकतो. कारागीर आणतो तेवढेच नग असतात. शेवटच्या दिवशी चपलांत टोकाचे नंबर उरतात आणि चित्रांत कोणी न उचललेली. त्या मानाने दुसरा दिवस सगळ्यात चांगला. माल सगळा मांडून झालेला असतो आणि फारसा विकलाही गेलेला नसतो.

तिकीट, तारखा आणि वेळ त्या त्या वर्षी बदलतात, निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या.

## टप्पा ४: पहिली फेरी, पैसे न काढता

हा टप्पा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या फेरीत काहीही विकत घ्यायचं नाही. सगळ्या रांगा पायाखाली घालायच्या आणि आवडलेल्या स्टॉलचा क्रमांक वहीत लिहायचा. त्याच्यापुढे वस्तू, सांगितलेला भाव आणि कारागिराचं गाव, एवढं पुरे. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. नक्षी चोरीला जाते ही कारागिरांची तक्रार खरी आहे.

प्रत्येक आवडलेल्या स्टॉलवर तीन प्रश्न विचारा:

१. हे कोण बनवतं?
२. एक नग व्हायला किती दिवस लागतात?
३. यात सगळ्यात वेळखाऊ काम कोणतं?

तिसऱ्या प्रश्नाने लगेच फरक कळतो. जो स्वतः बनवतो तो त्यावर न थांबता बोलतो, हाताने करून दाखवतो, कधी कधी मागे बसलेल्या बायकोला पुढे बोलावतो, कारण ते काम तिचं असतं. जो माल आणून विकतो तो "सगळं हँडमेड आहे ताई" यापलीकडे जात नाही. एकाच स्टॉलवर पैठणी, लखनवी कुर्ते आणि राजस्थानी चादरी एकत्र असतील तर समोरचा व्यापारी आहे हे समजा. व्यापाऱ्याकडून घेण्यात काही गैर नाही, पण मग भाव आणि पारख दोन्ही व्यापाऱ्याच्या हिशेबाने करा.

अपवाद: एकच नग असलेली वस्तू, जसं हाताने काढलेलं एखादं चित्र. तिथे "तीन वाजेपर्यंत बाजूला ठेवाल का?" असं विचारा आणि थोडे पैसे देऊन ठेवा. मात्र मग तीनच्या आत परत जाच. मन बदललं असेल तर तसं जाऊन सांगा. तुमच्यासाठी झाकून ठेवलेली वस्तू त्या दिवशी दुसऱ्या कोणाला दाखवली जात नाही.

तपासा: फेरी संपल्यावर वहीत दहापेक्षा जास्त वस्तू असतील तर बसून निम्म्या खोडा. बसायचं ठिकाण म्हणजे जेवणाचा मांडव. साडेबाराच्या आत पोचा, एक वाजता भाकरीच्या रांगेत अर्धा तास जातो. पिठलं-भाकरी खा, मांडे मिळत असतील तर खा, आणि तिथेच मैत्रिणीसोबत यादी आणि वही समोरासमोर ठेवा. तेलकट हात धुतल्याशिवाय साड्यांच्या स्टॉलकडे वळू नका.

## टप्पा ५: पारख

### पैठणी

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मीही एका प्रदर्शनात फसले आहे. पदरावरचे मोर बघून दहा मिनिटांत साडी घेतली. घरी मैत्रिणीने पदर उलटा केला तर मोरांच्या मागे सुट्या धाग्यांचं जाळं, काही कापलेले, काही लोंबणारे. हातमागाची म्हणून दिलेली ती साडी यंत्रमागाची होती. तेव्हापासून समोरची नक्षी बघण्याआधी मी पदर उलटा करते.

कारण असं. हाताने विणलेल्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा आपल्या छोट्या कांडीवरून आपल्या नक्षीपुरताच फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत येतो. त्यामुळे मोर, मुनिया, असावलीची वेल पुढून जशी दिसते तशीच मागून दिसते. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या, यंत्रमागावर तोच धागा मागच्या बाजूने या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. मागे तरंगणारे किंवा कातरलेले धागे दिसले, किंवा ते झाकायला जाळीचं कापड लावलेलं असलं, तर ती हाताने विणलेल्या पदराची पैठणी नाही. मधल्या अंगावरच्या बुट्टीवरून निकाल देऊ नका, पदर आणि काठ बघा.

शिक्क्यांबाबतही मोठा गैरसमज आहे. 'सिल्क मार्क'चं लेबल कापड अस्सल रेशमाचं आहे एवढंच सांगतं. यंत्रमागावर विणलेल्या रेशमी साडीलाही ते लागू शकतं. हातमागाची खूण म्हणजे 'हँडलूम मार्क'. दोन्ही वेगळे आहेत, आणि तुम्हाला दोन्ही गोष्टी हव्या असतील तर दोन्ही विचारा.

आणखी एक. "येवल्याची आहे, पैठणची नाही, म्हणजे अस्सल नाही" असं बोलणाऱ्या बायका मी स्टॉलवर ऐकल्या आहेत. येवल्यात पिढ्यान्‌पिढ्या पैठणी विणली जाते आणि २०१० साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचं, म्हणजे वस्तू कोणत्या भागातली ते सांगणाऱ्या सरकारी नोंदीचं, नावच मुळी 'पैठणी साड्या व कापड' असं आहे, त्यात येवलाही येतं. गाव बघून साडी नाकारू नका.

जरीचा धागा कशाचा आहे ते स्पष्ट विचारा: चांदीचा मुलामा असलेला की प्लास्टिकचा. दोन्हींच्या भावात मोठी तफावत असते, आणि चांगला विणकर ते लपवत नाही. रेशमाची शंका असेल तर पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा मागून घ्या आणि घरी जाळून बघा. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. हे स्टॉलवर करू नका, कापडाच्या ढिगाशेजारी काडी पेटवणं धोक्याचं आहे.

### कोल्हापुरी चप्पल

आधी वास घ्या. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याला मातकट, तुरट वास असतो. डिंकाचा किंवा रबराचा उग्र वास आला तर बाजूला ठेवा. मग चप्पल उलटी करा. तळाची शिवण चामड्याच्या वादीची हवी, आणि खिळे नकोत. तळाच्या कडेला थर दिसतात, त्यांच्या मध्ये पुठ्ठा तर नाही ना ते नखाने दाबून बघा. पुठ्ठा दबतो, चामडं दबत नाही. पांढऱ्या रुमालाचं टोक ओलं करून पट्ट्यावर घासा. थोडी पिवळसर झाक येणं ठीक, गडद तपकिरी उतरला तर तो रंग पहिल्या घामात पायाला लागेल.

आता माप, कारण चप्पल चावते ती बहुतेक मापामुळे. चामडं रुंदीत सैल होतं, लांबीत होत नाही. म्हणून टाच पूर्ण आत बसायला हवी, मागे लोंबता कामा नये. पट्टा पहिल्या दिवशी घट्टच हवा, आज आरामात बसणारा पट्टा महिन्यात ढिला होतो. अंगठ्याच्या वळ्यात मात्र बोट दबता कामा नये, तिथे चामडं फारसं सैल होत नाही. दोन्ही पायांत घाला. एकाच पायात घालून घेणाऱ्या इतक्या जणी बघितल्या आहेत की सांगता सोय नाही, आणि आपले दोन्ही पाय कधीच अगदी सारखे नसतात. स्टॉलच्या सतरंजीवरून खाली उतरा आणि कडक जमिनीवर वीस पावलं चाला. दोन्ही बाजूंचे कान, म्हणजे चपलेच्या कडेला निघालेले चामड्याचे तुकडे, पावलाच्या हाडाला घासतायत का ते चालतानाच कळतं.

अथणी किंवा निपाणीकडची चप्पल कोल्हापुरी नाही, असं समजू नका. २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचं आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तसंच बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर. चामडं आणि शिवण बघा, जिल्हा नंतर.

तपासा: चप्पल दुपारी तीननंतरच घ्या. सकाळच्या पायाला बसलेली संध्याकाळी चावते.

### घोंगडी

घोंगडी टोचते. अस्सल मेंढीच्या लोकरीची घोंगडी मऊ नसतेच, आणि चिंचोक्याची खळ दिल्यामुळे नवी असताना ती ताठ उभी राहते. "हिच्यापेक्षा ती मऊ आहे" म्हणून यंत्रावरची मिश्र धाग्याची घोंगडी उचलणं ही नेहमीची चूक. काळी घोंगडी काळ्या मेंढीची आहे की रंगवलेली, ते ओल्या रुमालाने कळतं. उजेडासमोर धरून विणीत कुठे विरळ पट्टा दिसतो का ते बघा.

### तांब्या-पितळेची भांडी

लोहचुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, बाहेर नुसता मुलामा. चिकटलं नाही म्हणून ते तांबंच असेल असं मात्र नाही, ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. म्हणून हातात वजन तोला आणि तळाचा किंवा काठाच्या आतला भाग बघा, तिथे मुलामा विरलेला असतो. मठारकाम, म्हणजे पुण्यातल्या तांबट आळीत करतात तसं हातोडीने ठोकून केलेलं काम, जवळून बघा. हाताच्या ठोक्यांत एखादा खोल, एखादा उथळ, ओळ किंचित हललेली असते. सगळे ठिपके साच्यातून काढल्यासारखे एकसारखे असतील तर ते साच्यातूनच काढलेले आहेत.

सांधा असलेलं भांडं असेल तर आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओता आणि वर्तमानपत्रावर दहा मिनिटं ठेवा. कारागीर कधीच नाही म्हणत नाहीत.

सावधान: आतून कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, दही, चिंच, लिंबू किंवा टोमॅटोचं काहीही शिजवू नका, ठेवू नका. पाण्याचा तांब्या चालतो. शोभेच्या भांड्यांना चमक टिकावी म्हणून पारदर्शक लेप दिलेला असतो, ती पाणी प्यायला नाहीत. घेताना नेमकं विचारा: "यात पाणी पिता येईल का, यात शिजवता येईल का?"

### वारली चित्र

चित्र तिरकं धरून उजेडात बघा. हाताने भरलेला पांढरा रंग किंचित वर आलेला दिसतो, बोट हलकेच फिरवलं तर लागतो. छापील चित्र सपाट असतं. एकसारख्या आकृत्या शोधा: तारपा नाचाच्या फेरात दहा माणसं असतील आणि दहाही हुबेहूब असतील तर ती हाताची नाहीत. मग काढणाऱ्याला विचारा, यात काय चाललंय? ज्याने चित्र काढलंय तो लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठी काढतात ती चौकोनी आकृती, दाखवतो, चौकातली पालघाट देवी दाखवतो, कोण कुठे चाललंय ते सांगतो. मागच्या बाजूला नाव आणि पाडा लिहून घ्या. कापडावरचं चित्र घडी करू नका, नळीवर गुंडाळा. घडीच्या रेषेवर रंग सुटतो.

### बांबू

जमिनीवर कागद ठेवून टोपली त्यावर दोनदा आपटा. पिवळी पूड पडली, किंवा टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर भुंगा लागलाय. ती टोपली घरातल्या बाकीच्या बांबूलाही खाईल. बांबू उकळून किंवा औषधात बुडवून घेतला आहे का ते विचारा. काठावरून तळहात फिरवा, कुसळ लागता कामा नये. सपाट जागी ठेवून डगमगते का बघा.

### गोधडी आणि खेळणी

गोधडीची उलट बाजू बघा. हातचा धावदोरा दोन्हीकडून दिसतो आणि ओळ किंचित वाकडी जाते. कोपरा ओढून आतले थर सरकतात का ते तपासा, आणि टेप लावाच. बहुतेक गोधड्या दिसतात त्याहून लहान असतात. सावंतवाडीची लाकडी खेळणी लहान मुलासाठी घेत असाल तर ओला रुमाल रंगावर घासा आणि सुटणारे बारीक तुकडे बघा. तोंडात घालायच्या वयाच्या मुलाला देठ लावलेली लाकडी फळं नकोत.

## टप्पा ६: भाव

वहीतला दिवसांचा आकडा इथे कामाला येतो. बारा दिवस लागले म्हणतो ना, तर तुमच्या गल्लीत गवंड्याला किंवा रंगाऱ्याला एका दिवसाचे जे देता त्याने बाराला गुणा. मग सुताचे, चामड्याचे, धातूचे पैसे धरा. सांगितलेला भाव बहुतेक वेळा त्याच्याही खालीच निघतो. हा हिशेब एकदा केलात की "इतके कसे हो?" हे वाक्य तोंडातून बाहेर पडत नाही.

व्यापाऱ्याकडे घासाघीस करा, तिथे ती भावात धरलेली असते. स्वतः बनवणाऱ्याकडे एकच विचारा: "दादा, दोन घेतल्या तर कसं लावाल?" तो कमी करेल तेवढं घ्या.

एक चूक मैत्रिणीसोबत गेल्यावरच होते, म्हणून इथे सांगते. बाई दुरडी हातात धरून उभी आहे आणि सोबतची मोठ्याने म्हणते, "अगं, पलीकडे याच्या निम्म्यात आहे!" पलीकडची दुरडी कोणती, कोणत्या बांबूची, कोणाच्या हातची, हे काहीच न बघता. समोर बसलेल्या मावशींचा चेहरा उतरलेला मी बघितला आहे. त्यांनी काही न बोलता दुरडी परत घेतली आणि चिंध्यांनी पुसून जागेवर ठेवली. तुलना करायचीच तर दहा पावलं पुढे जाऊन करा.

## टप्पा ७: दुसरी फेरी आणि खरेदीचा क्रम

क्रम असा ठेवा:

१. बाजूला ठेवायला सांगितलेल्या वस्तू.
२. साड्या आणि कापड, उजेड आहे तोवर.
३. चित्रं.
४. तीननंतर चपला.
५. गोधडी, घोंगडी आणि भांडी, म्हणजे जड सगळं.
६. मसाले, पापड, चटण्या अगदी शेवटी. पाकिटावर तारीख आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक बघा.

जड वस्तू आधी घेतली की पुढचं सगळं एका हाताने बघावं लागतं, आणि एका हाताने पदर उलटा होत नाही.

पैसे मोबाइलवरून देताना पडद्यावर आलेलं नाव कारागिराला वाचून दाखवा. पैसे गेल्याचं तुमच्या फोनवर दिसलं तरी त्याच्याकडे आल्याचं कळेपर्यंत थांबा. पुष्कळ बचत गटांचं खातं गटातल्या एकीच्या फोनला जोडलेलं असतं आणि ती त्या वेळी जेवायला गेलेली असते. घाई करून निघून गेलात तर संध्याकाळी हिशेब जुळवताना तोटा कोणाच्या तरी अंगावर पडतो.

ऑर्डर देणार असाल तर कागदावर लिहा: रंग (शक्यतो धाग्याचा तुकडा चिकटवून), नक्षी, माप, ठरलेला भाव, दिलेले पैसे, द्यायची तारीख, पाठवणावळ कोणाची. दोघांनी सही करा आणि फोटो काढा. पूर्ण पैसे आधी देऊ नका, पण काहीच न देता "करून ठेवा" असंही सांगू नका. विणकर तुमच्या शब्दावर रेशीम विकत आणतो.

तपासा: गेटबाहेर पडण्याआधी पिशव्या एकदा मोजा. प्रत्येक स्टॉलवर चप्पल घालून बघताना पिशवी खाली ठेवलेली असते. आमची एक पिशवी अशीच राहिली होती. स्टॉलचा क्रमांक वहीत होता म्हणून सापडली.

## टप्पा ८: घरी आल्यावर

त्याच रात्री सगळं उघडा, पिशवीत ठेवून झोपू नका.

चपलेच्या पट्ट्याला आतून खोबरेल किंवा एरंडेलाचं बोट फिरवा, थेंब गळेल इतकं नको. पहिला आठवडा घरातच रोज अर्धा तास घाला, मग बाहेर. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवली की चामडं तडकतं. पावसाळ्यात ती घालायची नाही.

बांबूची वस्तू एक दिवस कडक उन्हात ठेवा, नंतर कोरड्या जागी. ओल्या फडक्याने पुसू नका. घोंगडी पिळू नका, वर्षातून दोनदा उन्हं दाखवा आणि ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, नाहीतर कसर लागते. गोधडी पहिल्यांदा वेगळी धुवा.

पैठणी प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच काढा. जुन्या, धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा, जरीला डांबरगोळी लागू देऊ नका, आणि दोन-तीन महिन्यांनी घड्या बदला. त्याच घडीवर वर्षभर राहिली की रेशीम तिथेच विरतं.

काही बिघडलं असेल तर आठवड्याच्या आत कारागिराला फोन करा. वादी निसटली, सांधा गळतोय, असं सांगितलं तर बहुतेक जण पुढच्या प्रदर्शनात आणायला सांगतात आणि जागेवर दुरुस्त करून देतात. म्हणून त्यांचा क्रमांक नुसत्या नावाने साठवू नका, दोन महिन्यांनी कोण ते आठवत नाही. आमच्या फोनमध्ये तो असा असतो: आधी वस्तू, मग गाव, मग नाव. "घोंगडी" असं शोधलं की लगेच सापडतो.